मनस्विनीचे भाऊ

८ जानेवारी २०२५, बुधवार

आलं एकदाचं. ईमेलच आहे, पण कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून आणलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात धरता यायला हवं. मार्चमध्ये मुंबईला व्हिसाची मुलाखत आहे.

अण्णानं अमेरिकेतून माझ्यासाठी अर्ज केला ते साल २००६. आई नुकतीच गेली होती, आप्पा त्याआधीच गेले होते. अण्णा म्हणाला, मनू, तू इथंच ये, सख्ख्या बहिणीला कायमचं बोलावता येतं, स्वल्प वेळ लागतो एवढंच. त्या स्वल्प वेळात माझे केस पांढरे झाले आणि मुलींच्या हायस्कुलाच्या ऑफिसातून मी रिटायर झाले. तिथले ड्रॉइंग मास्तर विधुर होते. त्यांनी एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, मी अमेरिकेला जाणार आहे. आता ते नातवाला शाळेत सोडायला जाताना दिसतात.

या सगळ्या वर्षांत मी धड काही घेतलं नाही. पडदे तेच, फ्रिज तोच. चिकपेटेच्या बाजारात एखादी साडी डोळ्यांत भरली की वाटायचं, तिकडच्या थंडीत कुठं नेसणार, आणि मी पुढं जायची. आता कळेल कुठं नेसणार ते.

काकू पडवीत अवरेकाईच्या शेंगा सोलत होत्या. सांगितलं. ‘सरी, बरं,’ म्हणाल्या, ‘जाऊन ये.’ जाऊन ये काय, कायमचं जायचंय, म्हटलं. तर म्हणाल्या, ‘दाणे सालं काढून करायचे का तसेच?’ अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी माणसाला दुसऱ्याच्या आनंदाचं काही पडलेलं नसतं.

१९ जानेवारी, रविवार

रविवार म्हणजे अण्णाचा फोन. तिकडे वहिनी गेल्यापासून तो एकटाच. मूलबाळ नाही, घर मोठं, बर्फ काढायलासुद्धा माणूस बोलवावा लागतो. मला म्हणाला, ‘तू आलीस की घरात मराठी ऐकू येईल.’ मग फोन काकूंकडे. काकूंचं ठरलेलं असतं: जेवलास का, काय जेवलास, कानाला गुंडाळलंस का. सहासष्ट वर्षांचा माणूस तिकडून म्हणतो, हो आई, गुंडाळलं आई.

अण्णा माझा सख्खा भाऊ, पण काकूंना आई म्हणतो. नव्या माणसाला हे समजावताना मला नेहमी हसू येतं. रघुपतीकाका आणि काकू वरच्या मजल्यावर राहायचे, त्यांना मूल नव्हतं. अण्णा पाच वर्षांचा असताना आप्पांनी त्याला त्यांना दत्तक दिला. होम झाला, आईनं त्याला काकूंच्या ओटीत घातलं, आणि त्या संध्याकाळी तो आपली उशी घेऊन जिना चढून गेला. पुढच्या वर्षी मी झाले. तो काकूंना वरची आई म्हणायचा आणि आमच्या आईला खालची आई; काकू त्याला बिंदू म्हणायच्या. जेवायचा दोन्हीकडे. त्याचा मजला बदलला एवढंच, बाकी कुणाला काही वाटलं नाही. आता वर भाडेकरू आहे, निपाणीकडची पवित्रा, आणि काकू खाली माझ्यापाशी.

२ फेब्रुवारी, रविवार

काकूंना घेऊन के. आर. पुरमला जाऊन आले. तिथं एका ट्रस्टचं वृद्धांसाठीचं घर आहे, बायका स्वच्छ दिसल्या, जेवणात कांदा-लसूण नाही.

काकूंना अण्णा कधीही नेऊ शकतो. आईला तिकडे फार थांबावं लागत नाही. पण त्यांनीच कान पकडलेत. २००२ साली तो त्यांना घेऊन गेला होता, कायमचं म्हणून. एक हिवाळा काढून परत आल्या. तिथल्या खिडक्या उघडत नाहीत म्हणे, आणि शेजारच्या कुणा गुजराती बाईनं सांगितलं की सरकार सगळ्यांचे फोन ऐकतं. तेव्हापासून त्या देशाचं नाव काढलं की तोंड मिटतात.

त्या घराची खोली दाखवली. काकूंनी खिडकी उघडून बघितली, लावली, म्हणाल्या, ‘ही उघडते.’ येताना ऑटोत डोळे मिटून बसल्या. दमल्या असतील. मला अपराधी वाटतंय, पण किती वाटून घ्यायचं? आईचं केलं, आप्पांचं केलं, वीस वर्षं काकूंचं करतेय. आता माझं कोण करणार आहे?

१२ मार्च, बुधवार, मुंबई

मुलाखत झाली. काचेपलीकडे एक तरुण मुलगी होती, शेजारी दुभाषी. गोड बोलत होती. तिनं विचारलं, तुमच्या वडिलांचं नाव आप्पाजी, भावाच्या पासपोर्टवर रघुपती, असं कसं? मला हसूच आलं. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, होम, ओटी, उशी, जिना. जन्माचे दाखले दोघांचे एकाच आईवडिलांचे आहेत हेही दाखवलं. ती मन लावून ऐकत होती आणि टाइप करत होती. मध्ये एकदा तिनं विचारलं, ‘म्हणजे हे दत्तक खरं झालं होतं?’ मी म्हटलं, अहो, आमचं सबंध चामराजपेट जेवायला होतं.

शेवटी तिनं एक कागद दिला. आणखी तपास करायचा आहे, कळवू. नाही म्हणाली नाही हे महत्त्वाचं. बोलायला मोकळी होती, माझ्याविषयी तिचं मत चांगलं झालं असणार.

२० मार्च, गुरुवार

माझी अक्कल कुठं शेण खायला गेली होती?

वकिलांकडे जाऊन आले. महांतेश नाव, बेळगावकडचे, मराठी बोलतात. कागद बघितला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘बाई, दत्तक गेला म्हणजे कायद्यानं तो तुमच्या काकांचा मुलगा. तुमचा चुलत भाऊ. आणि चुलत बहिणीला बोलवायची सोयच नाही तिथं.’ मी म्हटलं, आम्ही एका पोटातून आलो. ते म्हणाले, ‘पोटातून आला असाल हो. कागदातनं नाही.’

मला त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून मारावासा वाटला. पण नंतर त्यांनीच विचारलं, दत्तकपत्र रजिस्टर केलं होतं का. नव्हतं. नुसता होम. भटजी गेले, आप्पा, आई, काका गेले. त्यातलं माणूस आता काकू एकट्याच. महांतेश म्हणाले, मग काकूंनी प्रतिज्ञापत्र द्यावं, की आम्ही त्या मुलाला नुसतं सांभाळलं, दत्तक कधी घेतलंच नाही, तो आमच्या दिरांचाच मुलगा, मनस्विनीचा भाऊ. माझी आशा तेवढ्यावर आहे.

२३ मार्च, रविवार

अण्णाला सांगितलं. म्हणाला, ‘मनू, मी तिला आई म्हणूनच आणलं होतं गं. तेव्हा तसं लिहून दिलंय.’ मी म्हटलं, तेवीस वर्षांपूर्वीचे कागद कोण उकरत बसतंय? आणि मी काय करू मग, इथंच सडू? ‘तिला बोलायला लावू नकोस एवढं,’ म्हणाला, ‘तुला योग्य वाटेल ते कर.’

म्हणजे हो म्हणाला.

२७ मार्च, गुरुवार

झालं. काकूंना समजावलं. त्या तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे बिंदू माझा नव्हे असं म्हणायचं.’ मी म्हटलं, नुसतं कागदावर, काकू. मनात काय असायचं ते असू दे.

‘घेतला तेव्हा अग्नी होता साक्षीला. आता कोण आहे?’

‘नोटरी आहे.’

‘बरं,’ म्हणाल्या.

नोटरी घरी आला. काकूंनी कानडीत सही केली, पद्मावती, एकेक अक्षर सावकाश. नोटरीनं रीतीप्रमाणे विचारलं, अज्जी, यातलं सगळं खरं ना? काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, ‘आता करायचं खरं.’ तो हसला आणि शिक्का मारून गेला. आणखी एक विचारलं त्यांनी मला, नंतर: ‘ते लोक फोन अजून ऐकतात का गं?’ मी कपाटात फाईल ठेवत होते. ऐकत असतील, म्हटलं.

काकूंनी आढेवेढे घेतले नाहीत. मी उगीच चार रात्री तळमळले.

३० मार्च, रविवार, पाडवा

बेवू-बेल्ला वाटलं, म्हणजे कडुनिंब आणि गूळ. काकू कडुनिंब जास्त घालतात, त्यांचं ते जुनंच आहे.

अण्णाचा फोन आला तेव्हा काकूंच्या जवळच होता. त्यांनी उचलला आणि बोलण्याआधीच मला हाक मारली, ‘मनस्विनी, तुझ्या भावाचा फोन.’ मी म्हटलं, तुम्ही बोला आधी. हात ओले आहेत म्हणाल्या. हात कोरडे होते. सणाच्या गडबडीत असं होतं.

२० एप्रिल, रविवार

काकूंचं काहीतरी बिनसलंय. चार रविवार झाले, अण्णाशी बोलल्या नाहीत. आज मी फोन त्यांच्या कानालाच लावला. तो ‘आई, आई’ करतोय. त्यांनी ऐकलं, फोन माझ्या हातात दिला आणि मोठ्यानं म्हणाल्या, ‘कुणीतरी आई म्हणतंय. तुझ्या भावाची आई गेली ना पूर्वीच?’

अण्णा विचारत होता काय झालं. मी म्हटलं, वयानं होतं. फोन ठेवताना तो म्हणाला, ‘कानाला गुंडाळलंय म्हणून सांग तिला.’ एप्रिलमध्ये.

२५ एप्रिल, शुक्रवार

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. काकू भराभर खाली आल्या, डॉक्टरच मध्ये एकदा चुकले. मग त्यांनी विचारलं, अज्जी, मुलं किती? काकू म्हणाल्या, ‘मला मूल नाही.’ डॉक्टर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, असं सुरू होतं, कधी कधी जवळचीच माणसं आधी पुसली जातात. गोळ्या दिल्यात. काकू त्या तुळशीत टाकतात असं पवित्रा म्हणते.

१४ जून, शनिवार

संपलं.

अण्णाला कळवलंय तिकडच्या ऑफिसानं. त्याच्याच २००२ च्या अर्जाची प्रत जोडून. त्यात त्याच्याच अक्षरात आहे, पद्मावती ही माझी दत्तक आई. तिच्या नावानं एकदा आई आणली, आता तिला काकू करून बहीण आणता येणार नाही. काकूंच्या प्रतिज्ञापत्राबद्दल एकच ओळ आहे, ग्राह्य धरलेलं नाही. पुन्हा अर्ज नाही, अपील नाही. महांतेशांनाही फोन केला. म्हणाले, आता काही उरलं नाही बाई, देवाचं नाव घ्या.

आम्ही साध्या माणसांनी तेवढंच केलं जे लहानपणापासून करत आलो. वर आई होती, खाली बहीण होती. तो दोन्हीकडे जेवायचा आणि दोन्ही घरची माणसं त्याला वाढायची. यात कुणाला फसवलं आम्ही?

मोरीत जाऊन रडले, नळ सोडून. एकोणीस वर्षं. त्या मास्तरांना हो म्हटलं असतं तर. जाऊ दे.

काकूंना सांगितलं नाही. त्यांना कळलं तर विचारतील, मग माझी सही कशाला घेतलीस? आणि तशाही त्या आता विसरल्या असतील.

१६ जुलै, बुधवार

काकूंनी विचारलं, पत्र आलं का. नाही अजून, म्हटलं.

के. आर. पुरमला खोली नको म्हणून कळवलं. पडदे घ्यायला चिकपेटेत गेले. दुकानदारानं ढीग काढला. कुठला रंग हवा तेच मला सांगता येईना, इतक्या वर्षांत कधी ठरवलाच नव्हता. पुन्हा येते, म्हणून निघाले.

पवित्रा संध्याकाळी खाली आली होती. म्हणाली, ‘अक्का, काकूंचं डोस्कं आपल्यापेक्षा झ्याक चालतंय की. काल दूधवाल्याचा मागच्या महिन्याचा खाडा काढून दिला त्यांनी. विसरायला फक्त अण्णाच गावले का त्यांना?’ मी म्हटलं, डॉक्टर जास्त शिकलेत की तू? तोंड लहान करून वर गेली. बोलायला नको होतं, पण ही पोरगी फार नाक खुपसते.

२१ सप्टेंबर, रविवार

अण्णा दिवाळीला येतोय. त्याच्या छातीचं काहीतरी आहे, नीट सांगत नाही. तिकडचे डॉक्टर म्हणतात, जायचं तर आत्ता जा, पुन्हा इतका प्रवास जमणार नाही. ‘आईला एकदा बघतो,’ म्हणाला, ‘समोर बघून ओळखेल ती.’

मलाही तसंच वाटतं. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘येऊ दे. भावानं यावंच.’

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आला. फार वाळलाय. दारातच बूट काढायला वाकला आणि धाप लागली म्हणून तसाच थांबला. काकू खुर्चीत बसल्या होत्या. त्यानं जाऊन पायांवर डोकं ठेवलं.

काकूंचा हात वर आला, त्याच्या डोक्याजवळ गेला आणि परत मांडीवर आला. ‘असू द्या, असू द्या,’ म्हणाल्या. ‘बसा. मनस्विनीचे भाऊ ना तुम्ही? प्रवास फार झाला असेल. चहा घेणार ना?’

अण्णा जमिनीवरच बसून राहिला. त्याला आयुष्यात त्यांनी कधी अहो म्हटलं नव्हतं.

मी चहा करायला गेले. मागून काकू आल्या आणि म्हणाल्या, ‘त्याला आलं चालत नाही, घशाशी येतं.’ मी चमकून बघितलं. मग म्हणाल्या, ‘चालत नसेल. वयस्कर माणूस आहे.’

२० ऑक्टोबर, सोमवार, नरकचतुर्दशी

पहाटेचं तेल. दर वेळी अण्णा इथं असला की काकूच त्याच्या डोक्यावर तेल घालायच्या, तो पन्नाशीचा झाला तरी. आज तो मुद्दाम त्यांच्यासमोर पाट घेऊन बसला, मान खाली घालून. वाटी त्यांच्या हाताशी होती. काकू बघत राहिल्या. समोरचं दार उघडं होतं, रस्त्यावर लोक होते. मग म्हणाल्या, ‘मनस्विनी, भावाला तेल लाव. पाणी निवतंय.’

मी लावलं. त्याच्या डोक्याला माझा हात नवा होता.

काकू आत गेल्या, देवापाशी. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. फराळालाही आल्या नाहीत, पोट जड आहे म्हणाल्या.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

आज काकूंना काय उत्साह आला कोण जाणे. तबक स्वतः लावलं. दोन्ही खिडक्या उघडल्या, पुढचं दार उघडून दगड लावला, पवित्राला हाक मारून बोलावलं, समोरच्या घरातल्यांनाही बोलावलं. ‘मनस्विनी भावाला ओवाळतेय, बघायला या.’ पवित्राला मोबाइलवर फोटो काढायला सांगितले, एक नाही, पुष्कळ. ‘दोघांची तोंडं नीट येऊ देत. बहीणभाऊ कळले पाहिजेत.’

अण्णा हसला, आल्यापासून पहिल्यांदाच. म्हणाला, निदान तुझा भाऊ आहे हे तरी तिला कळतंय. पवित्रा फोटो काढता काढता थांबली आणि डोळे पुसायला लागली. हिला काय झालं आता, मला कळेना.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी अण्णा गेला. काकूंना नमस्कार केला. ‘सावकाश जा. पुन्हा या,’ म्हणाल्या. टॅक्सीत बसताना तो मला म्हणाला, ‘मी आता येत नाही, मनू. जमणारही नाही, आणि कुणासाठी? तू फोन करत जा. तिला नको त्रास देऊस.’ वळून बघितलं नाही त्यानं.

संध्याकाळी दिवा लावला. काकू त्याच खुर्चीत होत्या. मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, ‘आता तरी देतील ना गं तुला जायला? सगळ्यांनी बघितलं. फोनवर मी एकदाही चुकले नाही. घरात चौकशीला माणूस पाठवला असता तरी कुणाला काही सापडलं नसतं.’

मी उभीच राहिले. मग खाली बसले, त्यांच्या पायाशी, जिथं तो बसला होता. आणि सांगितलं. सही चालली नाही, काकू. नाहीच म्हणाले ते.

‘कधी कळलं?’

‘जूनमध्ये.’

त्यांनी बोटांवर मोजलं. ओठ हलत होते. रागावतील असं वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, ‘म्हणजे तो इथं होता तेव्हा तुला ठाऊक होतं.’

मी हो म्हटलं.

‘आठ दिवस मी त्याला अहो म्हटलं गं,’ म्हणाल्या. ‘तेल मागायला बसला होता माझ्यापुढं.’

मग म्हणाल्या, फोन लाव. लावला. बंद होता, विमान सुटलं होतं. उद्या उतरला की लावू, म्हटलं. ‘उद्या मी बिंदू म्हणेन,’ काकू म्हणाल्या, ‘आणि त्याला वाटेल, तू शिकवलंस म्हणून म्हातारी बोलतेय.’

खरंच तसं वाटेल त्याला. मी त्याला ओळखते.

त्याचा चहाचा कप अजून खिडकीत होता. मी उचलायला गेले तर काकूंनी हात धरला. खुर्चीतून उठा, आत पडा जरा, म्हटलं. नको म्हणाल्या. मी पुढचं दार लावून घेतलं.